वाटणीचं औषध

मु. कुसळवाडी, व्हाया वडवणी, जि. बीड
दि. ९ जानेवारी १९८७

चि. सौ. जाईस,

केसरआक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चेंबुरात दिवसातून दोनदा नळ येतो आणि तरी तू कुरकुरतेस, हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा घरात सगळे हसले. इकडं टँकर येईल तो दिवस सणाचा. धर्मराजचे वडील पहाटेपासून पिंपावर बसून नंबर राखतात आणि मग दिवसभर कंबर धरून कण्हतात. लेक धर्मराज सोसायटीच्या दुधाचा टेम्पो बीडला नेतो, म्हणून निदान त्याचं बरं चाललंय. जनावरांना उसाच्या शेंड्यांचं वाढं तेवढं मिळतं. वाढ्यावर म्हैस जगते, दूध काही देत नाही.

आमची महिला दूध सोसायटी मात्र अजून उभी आहे. छबुबाई चेअरमन, मी सचिव. सही ती करते, डोकं मी लावते. सगळ्याजणी दिवसा तलावातला गाळ काढायच्या कामावर असतात आणि सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन येतात. सून मनकर्णा गाळणीवर उभी असते. कामाला पोरगी चांगली आहे, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नाही.

आता लिहायचं कारण. गावात फोन एकच, तो सरपंचाच्या ओसरीवर, आणि तिथं बोललेलं सगळ्या गावासाठी असतं. म्हणून पत्र. जाई, माझी पाळी वर्षभर फार त्रास देते आहे. दिवस सरले तरी थांबत नाही, गाळाची पाटी उचलली की डोळ्यांपुढं अंधारी येते. बीडच्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही, पिशवी काढून टाका म्हणाला. दोन लेकरं झाली ना, मग काय करायचीय ती, असं म्हणाला. मला फार भीती वाटते. आमच्या गावात जिची काढली ती अजून वाकून चालते.

बद्रीला यातलं काही सांगू नकोस. धाकटा भाऊ म्हणून मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय. त्याच्यासमोर मान वर करता येणार नाही मला.

पोरांना पापे. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
केसरआक्का

—

चेंबूर, मुंबई
दि. २० फेब्रुवारी १९८७

ती. आक्कांना,

जाईचा शि. सा. जयभीम. वि. वि.

आक्का, आधी रागावून घ्या, मग पुढं वाचा. मी यांना कळवलं. दुसरं कोणाला सांगणार? तुमचं पत्र वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बालवाडीत मुलांना गाणी शिकवताना मी मधूनच ओळ विसरायची.

यांचं जहाज सिंगापूरहून आलं आणि दोन दिवस गोदीत लागलं होतं. जहाजावरच्या स्वयंपाकघरात दिवसभर बडबडणारा माणूस, पण घरात आले, पिशवीतून एक डबा काढून माझ्यापुढं ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले की तिथल्या चिनी वैद्याकडून आणलंय, बायकांसाठी आहे, आक्काला दे. मी विचारलं, कसं घ्यायचं? म्हणाले, एकेक गोळी. कधी घ्यायची? म्हणाले, तिला कळेल. कान लाल झाले होते. आणखी विचारावं म्हणून चहा ठेवला, तर तोवर चपला घालून गोदीकडं निघूनसुद्धा गेले. तुमच्या भावाला वादळाची भीती नाही, पण पाळी हा शब्द ऐकला की बंदर गाठतो.

डब्यावर सगळी चिनी अक्षरं आहेत आणि फूल हातात धरलेल्या बाईचं चित्र आहे. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. तरीही पाठवते आहे, कारण बीडच्या डॉक्टरपेक्षा हे बरं असं मनाला वाटलं. तुमच्या गावचा म्हाळू इथं सासुरवाडीला आला होता, त्याच्याजवळ डबा दिलाय. आत काय आहे ते त्याला सांगितलेलं नाही. मिठाई समजून त्यानं वाटेत फोडला नाही म्हणजे मिळवली.

घेतल्यावर कसं वाटतं ते लगेच कळवा. मी वाट बघते आहे. मनकर्णाला आशीर्वाद. आक्का, स्वतःकडं बघा, आणि आम्हाला मनातून उतरवू नका.

आपली,
जाई

—

कुसळवाडी
दि. १५ मार्च १९८७

चि. सौ. जाईस,

आक्काचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

आधी रागावले. घरात कोणी नव्हतं म्हणून भिंतीलाच बोलून घेतलं. मग डबा उघडला आणि राग गेला. काय गं त्या गोळ्या! वरून पांढरं मेणाचं कवच, लिंबाएवढं. ते फोडलं की आत काळी, खजुरासारखी चिकट गोळी. वास ओव्याचा की मुळ्याचा ते कळेना. चव आधी गोड, मग कडू.

आता ऐक मी काय केलं ते. सोसायटीत पेंडीचं पोतं आलं तर ते तागडीत घालून सगळ्यांना सारखं वाटायचं, ही आमची पहिल्या दिवसापासूनची रीत. याच रीतीवर सोसायटी टिकली, नाहीतर छबुबाईच्या आळीतल्या बायका आणि आपल्या आळीतल्या बायका एका मापात दूध घालतात का? मग सातासमुद्रापलीकडून आलेलं औषध मी एकटीनं दाराआड बसून खाऊ? गाळ उपसून सगळ्याजणींच्या अंगाचं पार चिपाड झालंय. कोणाची पाळी पंधरा दिवसांनी येते, कोणाची येतच नाही. पारूबाईला तर माझ्याहून जास्त जातं.

म्हणून शनिवारी संध्याकाळचं दूध मोजून झाल्यावर दार लावून घेतलं. गोळ्या दोऱ्यानं कापल्या आणि सगळ्याजणींना सारखा वाटा दिला. माझ्यासमोर गिळायला लावला, कारण चंद्रभागाबाई मिळेल ते पदराला बांधून लेकीकडं नेते. मनकर्णा मागं उभी होती. तिला म्हटलं, सून म्हणून तुला कमी नाही आणि जास्तही नाही. तिनं हात पुढं केला आणि गिळलं. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली, तिनं केलं नाही.

खरं सांगू? तिला देताना माझ्या मनात दुसरंच होतं. दोनदा दिवस राहून पोटातलं गेलं तिचं, तुला ठाऊकच आहे. दोन्ही वेळी मी कळल्याबरोबर गावभर गूळ वाटला होता. आता या औषधानं अंगात जोर आला आणि तिसऱ्यांदा पदरात काही पडलं, तर मी अख्खी ढेप फोडीन.

पुढच्या शनिवारी दुसरा वाटा देणार आहे. बद्रीला म्हणावं, आणखी एक डबा आण. सगळ्याजणींनी त्याला जयभीम आणि रामराम सांगितलाय.

तुझी,
केसरआक्का

—

कोलंबो बंदर
दि. २२ मार्च १९८७

प्रिय जाईस,

बद्रीनाथचा जयभीम. मी खुशाल आहे.

जाई, एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणण्यापेक्षा मला सांगता आली नाही. आक्काचं आहे म्हणून जीभ वळेना. जहाज सुटल्यापासून झोप नीट लागत नाही, म्हणून लिहितो.

तो चिनी वैद्य म्हातारा होता. शेजारचा तमिळ दुकानदार आमच्या दोघांच्या मध्ये बोलत होता. वैद्य आधी औषध द्यायलाच तयार नव्हता. म्हणाला, जिची नाडी मी बघितली नाही तिला काय देऊ? मग त्यानं खूप विचारलं. रक्त जास्त जातं की कमी? वय काय? पोटात मूल असण्याचा संभव आहे का? दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का? मला काय ठाऊक? दुकानात इतर माणसं उभी होती. मी सगळ्याला मान हलवली आणि पैसे दिले.

निघताना तो पुन्हा हात धरून म्हणाला, ते तमिळवाल्यानं मला दोनदा सांगितलं. रक्त जास्त जात असेल तर हे घेऊ नये, आधी डॉक्टरला दाखवावं. पाळीच्या दिवसांत घेऊ नये. इतर औषधांबरोबर घेऊ नये. पोटुशी बाईनं किंवा जिला तशी शंका आहे तिनं हातसुद्धा लावू नये. आणि जिच्यासाठी दिलंय तिनंच घ्यावं, कोणाला देऊ नये.

आक्काला तू कळव. मी सांगितलं असं म्हणू नकोस. नाहीतर म्हण, तुला बरं वाटेल तसं कर.

तुझा,
बद्रीनाथ

—

चेंबूर, मुंबई
दि. ३ एप्रिल १९८७

ती. आक्कांना,

जाईचा शि. सा. जयभीम. वि. वि.

तार मिळाली असेल. आज सकाळी यांचं पत्र आलं आणि मी बालवाडी तशीच सोडून तार ऑफिसात धावले. तुमच्या वाटणीचं पत्र माझ्या उशाशीच होतं. तुम्ही दुसरा वाटा देणार म्हणाला होतात, तो शनिवार कधीच उलटून गेलाय. आक्का, घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

वैद्यानं यांना जे सांगितलं होतं ते यांनी लाजेनं पोटात ठेवलं. यांचं पत्र सोबत पाठवते आहे, तुम्हीच वाचा. यांना राग येईल, येऊ द्या.

तार केल्यावर मी इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंकडं गेले. मला वाटलं त्या चिनी औषध म्हटल्यावर हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, झाडपाला आहे म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. त्यात ताकद असेल तर ती उलटूही शकते. ज्या डब्यावरचं वाचता येत नाही तो उघडायचाच नाही. जिला जास्त जातं तिची आधी तपासणी, जिची चुकली आहे तिला दिवस गेलेत का ते आधी बघायचं, उपासमारीनं आणि कष्टानं चुकली असं धरून चालायचं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणाला चालू असतील तर तिनं अशा औषधाच्या जवळही जाऊ नये. आणि ज्यांनी घेतलंय त्या प्रत्येकीला आजच्या आज विचारा, असं त्यांनी बजावलंय.

म्हणजे एकेकीला विचारा, आक्का. तोंडानं विचारा. लाजू नका, आणि कोणाला लाजू देऊ नका. उरलेल्या गोळ्या जमिनीत पुरून टाका. तुमची तपासणीही बीडच्या सरकारी दवाखान्यात नव्यानं करून घ्या.

माझं चुकलं. वाचता येत नव्हतं तरी मी पाठवलं. उत्तर ताबडतोब लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

आपली,
जाई

—

बीड, सरकारी दवाखाना
दि. ११ एप्रिल १९८७

चि. सौ. जाईस,

आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर मलाच कळणार नाही काय झालं.

तुझी तार घेऊन पोस्टमन आला तो रडवेला होऊनच. इथं तार म्हणजे माणूस गेलं. आळी जमली, धर्मराजचे वडील मटकन खाली बसले, बद्री बुडाला म्हणून मी हंबरडा फोडला. शाळेच्या मास्तरांनी वाचली तेव्हा कळलं की औषध थांबवा एवढंच आहे. सगळ्यांनी तुला शिव्या घातल्या, मीही घातल्या. दुसरा वाटा तर कधीच देऊन झाला होता. चार दिवसांनी तुझं पत्र आलं आणि सोबतचं बद्रीचंही वाचलं.

त्याच संध्याकाळी दार लावून बायकांना विचारलं. विचारायच्या आधीच निम्म्या जणींचं मला ठाऊक होतं. छबुबाईच्या घरी अजून बाहेर बसतात. तिला कावळा शिवला की तिचं दूध सासू आणते. पारूबाईचं दूध नवरा आणतो आणि खाली मान घालून जातो. कॅनला कोणाचा हात लागतो यावरून कोणाचं कधी ते मला तोंडपाठ. तरी एकेकीला तोंडानं विचारलं. चंद्रभागाबाई म्हणाली, माझी जाऊन जमाना झाला, मला काय इचारता. पारूबाईला औषध घेतल्यापासून थांबेना, पण तिनं मुकाट्यानं कपडा बदलत गाळ उपसला होता. तिला त्याच रात्री धर्मराजनं वडवणीच्या दवाखान्यात सोडलं. इतरांचं ठीक होतं. मला वाटलं, सुटलो.

आणि मग माझी नजर गाळणीकडं गेली. जाई, बाहेर बसणं आपल्या वडलांनी छप्पन्न साली सोडलं. सासरीही कोणी पाळलं नाही. या गोष्टीचा मला केवढा तोरा! गावातल्या सगळ्या बायकांचं मला कळत होतं, आणि माझ्याच चुलीपुढं बसणारीचं कळायला काही मार्गच नव्हता. मी कधी विचारलंही नव्हतं. मी तिचं नाव घेतलं, तर तिनं गाळणी खाली ठेवली आणि घराकडं निघाली.

घरी ती भिंतीला टेकून बसली होती. तिसरा महिना. आणि दोन दिवसांपासून थोडं थोडं रक्त दिसायला लागलं होतं. मी कपाळावर हात मारला. ओरडले, ठाऊक होतं तर गिळलंस का? तेव्हा ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलली.

"आत्याबाई, नको म्हणलं असतं तर तुमी कावून म्हणून इचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं. दोनदा तुमी गूळ वाटला. दोनदा समदं गाव मला बघाय आलतं. आता ऱ्हाईपर्यंत कुणालाच सांगायचं न्हाई, असं ठरीवलं व्हतं."

पारूबाईला सोडून धर्मराज परतला, तशी मी त्याला पुन्हा टेम्पो काढायला लावला.

दुधाच्या टेम्पोतच तिला बीडला आणलं. कॅनच्या मध्ये गोधडी टाकली, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या काळजात बसत होता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, अजून गेलेलं नाही, पण राहील असंही सांगता येत नाही. औषधानं झालं, की पाट्या उचलून, की अंगात रक्तच नाही म्हणून, तेही सांगता येत नाही. आडवं पडून राहायचं आणि वाट बघायची. त्या औषधात काय होतं विचारलं. मी मेणाचं कवच आणलं होतं ते पुढं केलं. काय होतं ते मला सांगता आलं नाही.

ती झोपली आहे. मी दर थोड्या वेळानं चादर उचलून बघते. मला काही सुचत नाही. मनातल्या मनात आमच्यासाठी काहीतरी बोल.

तुझी,
आक्का

—

चेंबूर, मुंबई
दि. १९ एप्रिल १९८७

ती. आक्कांना,

जाईचा शि. सा. जयभीम. वि. वि.

पत्र वाचून खूप रडले. मग तोंड धुतलं आणि दवाखान्यातल्या बाईंना वाचून दाखवलं. त्याही म्हणाल्या की कारण कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून ते शोधत बसू नका. तिला विश्रांती द्या, खायला द्या आणि दोष देऊ नका. आक्का, शेवटचं मी मुद्दाम पुन्हा लिहिते. दोष देऊ नका. स्वतःलाही देऊ नका, निदान तिच्यासमोर.

यांना सगळं कळवलंय. यांचं उत्तर आलं त्यात एकच वाक्य होतं की पुढच्या वेळी कितीही माणसं उभी असली तरी विचारीन आणि सांगीन. हे वाक्य त्यांना लिहायला किती वेळ लागला असेल ते मला माहीत आहे.

मी यायला तयार आहे. तुम्ही म्हणाल त्या गाडीनं येते. आणि एक विनंती. काहीही झालं, चांगलं किंवा वाईट, तरी कोणाला सांगायचं आणि कधी, ते मनकर्णाला ठरवू द्या. तुमच्या भावजयीसारखी नाही, लेकीसारखी सांगते आहे.

आपली,
जाई

—

कुसळवाडी
दि. २८ जून १९८७

चि. सौ. जाईस,

आक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

मधली दोन कार्डं मिळाली असतीलच. कार्ड पोस्टमन वाचतो, म्हणून त्यावर फक्त ठीक आहे एवढंच लिहीत होते. आता पाकिटात घालून सविस्तर लिहिते.

पारूबाई बरी आहे. तिला लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि गाळाच्या कामावरून मी तिचं नाव काढायला लावलं. मलाही डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. पिशवी काढायची घाई नाही म्हणाल्या, आधी औषधानं बघू. त्या औषधाचा इंग्रजी कागद मी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला. मास्तर लाजले. मी म्हटलं लाजू नका, वाचा. बद्रीला दुसरा डबा आणू नको म्हणावं. त्या म्हाताऱ्या वैद्याला मी वाईट म्हणत नाही. तो शहाणा होता, त्यानं विचारलं तरी. विचारलं नाही ते आम्ही.

आता मनकर्णाचं. दिसायचं थांबलं. दीड महिना ती पाठीवर पडून होती. धर्मराज टेम्पो लावला की तिच्यापाशी येऊन बसायचा. पाणी मी आणलं, भाकरी मी थापली, गाळणीवरही मीच उभी राहिले. बायका विचारायच्या, सून दिसत नाही. मी म्हणायची, कंबर धरलीय. जाई, तुला काय सांगू, माझ्यासारखीच्या पोटात एवढी गोष्ट इतके दिवस राहिली याचं मलाच नवल वाटतं. दुकानात गुळाची ढेप दिसली की मी रस्ता बदलायची. शब्द तोंडापर्यंत यायचे, ते मी गिळायची. तू लिहिलेलं सारखं आठवायचं.

काल संध्याकाळी दूध मोजत होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं, तर मनकर्णा. हात रिकामे, एका हातानं चौकट धरलेली. सगळ्याजणी होत्या. मला वाटलं काही झालं, मी माप खाली ठेवलं. ती आत आली, माझ्याकडं बघितलं नाही, बायकांकडं बघून बोलली.

"मला दिवस गेल्यात. पाचवा हाय. ऱ्हाईल का न्हाई, ठावं न्हाई. पर आज हाय."

कोणी अभिनंदन केलं नाही, कोणी जवळ येऊन पोट बघितलं नाही. छबुबाई चेअरमन आहे, तिची खुर्ची एकच आहे आणि त्यावर ती कोणाला बसू देत नाही. ती उठली, खुर्ची उचलली आणि मनकर्णाच्या मागं ठेवली. मनकर्णा बसली. मग पारूबाईनं आपला कॅन पुढं सरकवला आणि मी दूध मोजायला लागले.

मला फार बोलायचं होतं, जाई. मी मोजत राहिले. मोजताना चुकले, पुन्हा मोजलं, आणि कोणी हसलं नाही.

आज बाकी काही लिहीत नाही. तूही कोणाला सांगू नकोस. ती सांग म्हणेल तेव्हा सांग. आम्हा दोघींवर माया असू दे.

तुझी,
केसरआक्का